मुरघासाचं गिऱ्हाईक

५ जानेवारी
येळवस झाली, रानातली अवसेची पूजा. रानातली ज्वारी गुडघ्याएवढी होऊन वाळलीय, तरी सासूबाईंनी आंबिलीचं बिंदगं, ते मातीचं मडकं, स्वतःच्या डोक्यावरून नेलं. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते; त्यांचं असंच, रीत म्हणजे रीत.
संध्याकाळी डेअरीत मीटिंग. बायांची दूध संस्था, अध्यक्ष मी. चारा नाही म्हणून गाई बाजारात चालल्यात. अजून एखाद-दुसरी चांगली गाय गेली, तर दुधाची गाडी गावाकडे वळणार नाही. मग संस्थेला कुलूप. मी म्हटलं, आपण मुरघास विकायचा. पिशव्या तयार आहेत. सगळ्या माझ्याकडे बघतच राहिल्या. बघू देत.

७ जाने.
पहिली पिशवी उघडली. मक्याची कुट्टी, दीड महिना हवा लागू न देता दाबून ठेवलेली. रंग छान, वास आंबूस. तसाच हवा. मी वाण्याची लेक, माहेरी दुकानात वाढले. नवा माल कसा काढायचा ते मला कुणी शिकवू नये. आधी वानगी फुकट, गोडी लागली की गिऱ्हाईक आपण होऊन येतं. उद्या पारावर सभा. गडीमाणसांना बोलवायचं. घ्यायचं-न घ्यायचं तेच ठरवतात.

८ जाने.
सभा झकास. मी तासभर बोलले, कुणी उठलं नाही. चहा-चिवडा होता हेही खरं. "लई भारी काम हाय वैनी," म्हणत घरटी एकेक पिशवी घेऊन गेले. आमचे हेही आपल्या गाईसाठी एक घेऊन आले. आज झोप छान लागणार.

१५ जाने.
संक्रांत झाली, दुसरी पिशवी न्यायला कुणी फिरकत नाही. विचारलं की "चांगलाय की." चांगला आहे तर न्या ना. दर उतरवू का? नको. माल उठेना म्हणून आमच्या बाबांनी कधी आधी दराला हात लावला नाही. नेलेल्या मालाचं घरी काय झालं ते आधी विचारायचे.

१६ जाने.
सकाळी केर टाकायला मागं गेले. ओळखीचा वास. आपल्याच उकिरड्यावर पिशवीभर मुरघास. आणि मी गावभर सांगत फिरतेय की आमची गाय कशी चवीनं खाते.
"कावून टाकला, आत्याबाई?"
"आंबलंय ते. मुकं जनावर, पोट दुखलं तर सांगंल व्हय तुला?"
आधी राग आला, मग स्वतःचंच हसू. गाईपुढं वैरण कोण टाकतं? पारावर चिवडा खाणारे नव्हे. ते नुसते पिशव्या वाहून नेणारे. गल्ल्यापुढं उभं राहील ते गिऱ्हाईक, हे दुकानात ठीक. इथं गिऱ्हाईक म्हणजे गोठ्यातली बाई आणि मी तिला सभेला बोलावलंच नाही. दुपारी आणखी दोन-चार उकिरडे बघून आले. तेच.
ठीक आहे. आता कळलं ना. पुन्हा काढायचा माल.

१८ जाने.
टँकरपुढं सगळ्या बाया असतात. घागरींच्या रांगेतच गेले, एका हातात मुरघास, दुसऱ्यात आंबिलीची कळशी. आधी मुरघास हुंगायला दिला, मग आंबील प्यायला. म्हटलं, "हे आंबट चालतं, मग ते कावून न्हाई?" बाया हसल्या, दोघींनी ओंजळभर नेलासुद्धा.
शेजारची पारू हसली नाही. "माणसाचं येगळं, जनावराचं येगळं. आमची तांबडी रविवारी बाजारात चालली. जाता जाता तिच्या पोटाशी खेळ नको."
तांबडी म्हणजे संस्थेतली सगळ्यात दुधाळ गाय. तीच ती एखाद-दुसरी. 

२० जाने.
तांबडी चाललीय हे परवाच आत्याबाईंना सांगितलं होतं. आज त्या ओसरीवर. मूठभर मुरघास घेऊन बिंदग्यातली आंबील हुंगतात तसा हुंगला. मग चक्क जिभेवर ठेवला. मी दारातून बघतेय.
"मीठ न्हाई ह्यात," एवढंच.
कडब्यात थोडा कालवला, वर मीठ भुरभुरलं, गाईपुढं ठेवला. गाईनं टोपलं चाटून पुसलं. एक शब्द बोलले नाही मी. जिभेला फार कष्ट पडले.
पिशवीबरोबर मिठाची पुडी द्यायची. आणि कालवून दाखवायला मी नाही, आत्याबाई.

२३ जाने.
सलग तीन दिवस आमची गाय खातेय. दूध पुन्हा चढतंय. पारू कुडावरून बघते, विचारत नाही. मी विचारायला निघाले तर आत्याबाईंनी पदर धरून बसवलं.

२४ जाने., रविवार
टेंपो पारूच्या दारात. मी चप्पल घातली.
"तू नगं येऊ," आत्याबाई म्हणाल्या. "तू आली की इकायला आली वाटतं."
लागलं मला. पण खरं आहे. टोपलं घेऊन त्या एकट्याच गेल्या. मी ओट्यावर बसून हे लिहितेय.
तांबडीनं हुंगलं, मान फिरवली. टेंपोवाल्यानं हॉर्न दिला. आत्याबाई हलल्या नाहीत, तिच्या मानेवरून हात फिरवत उभ्या. मग तांबडीनं तोंड घातलं.
पारू दावं हातात धरून बघतेय. पुन्हा हॉर्न.
"वाजवू नगं रे," पारू म्हणाली, "खाऊ दे तिला. तू आदी च्या घे."
दावं तिनं टेंपोवाल्याच्या हाती दिलं नाही, खुंट्यालाही बांधलेलं नाही. हातातच घेऊन अंगणातल्या चुलीपुढं बसलीय. टोपलं निम्मं झालंय.