उलटा वारा

आबा, तुम्ही गप राहायला सांगितलेली गोष्ट काल मी पाचोऱ्याच्या लग्नात भर पंगतीत सांगून टाकली. वाढणारा म्हणाला, "हाई ती उलटा वारानी पोर ना?" आणि पंगत हसली. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी ते नाव मेलं नाही. मी पानावरून उठले. म्हटलं, "वारा मन्हा बापनी सरळ सांगा व्हता. उलटा मी करा."

तेव्हा, ऐंशीच्या दशकात, तुम्ही धुळ्याच्या धावपट्टीवर चौकीदार आणि मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर. वारा दाखवणारी कापडी पिशवी फाटलेली. नवी मागून मागून तुम्ही थकलात. म्हणून एका शेठच्या छोट्या विमानाचा पायलट जळगावहून निघण्याआधी फोनवर तुम्हालाच वारा विचारायचा. त्या दुपारी तुम्ही सांगताय, "वारा मावळतीथाईन ई ऱ्हायना." पायलट हिंदीवाला. "क्या बोला?" तो मला विचारतो, आणि मी सांगते, "हवा पश्चिम की तरफ है." तुमचं 'थाईन', म्हणजे 'कडून', माझ्या तोंडून गळालं. तिकडून येणारा वारा मी तिकडे जाणारा केला. विमान वाऱ्याला तोंड देऊन उतरवायचं असतं, हे मला तुम्हीच शिकवलेलं. त्यानं वारा पाठीवर घेऊन उतरवलं. ते थांबेचना. पट्टी संपली, बांधावर आदळलं आणि शेजारच्या नांगरटीत नाकावर उभं राहिलं. शेठ वाचले, पायलटचा पाय मोडला.

चौकशीच्या आदल्या संध्याकाळी चुलीपाशी तुम्ही मला दटावलंत, "तू फक्त सांग, लाइन खराब व्हती. तुन्ही सरकारी नोकरी शे, मन्हं काय जास?" चौकशीत मी तेच सांगितलं, आणि तुम्ही म्हणालात, वारा मीच उलटा सांगितला. काय जास! तुमची नोकरी गेली, नाव गेलं. चहाच्या टपरीवर लोक 'उलटा वारा' म्हणून हाक मारायचे आणि तुम्ही हसून ओ द्यायचात. त्या हसण्याचा मला राग यायचा, आजही येतो. चूक माझी होती. ती मला न विचारता तुम्ही उचललीत आणि मला जन्मभराची मिंधी करून ठेवलीत. बापाचा तेवढा हक्क असतो म्हणे. नसतो, आबा. यापुढे ज्याला हसायचं त्यानं मला हसावं, मी ऐकून घेईन. तुमच्या नावाला हसलेलं मात्र ऐकून घेणार नाही, मग लग्न कोणाचंही असो.

काल पंगतीत माझं ऐकून तोच वाढणारा ओशाळून म्हणाला, "लाइन खराब व्हती ना अक्का, तुन्हा काय दोष?" आणि मी हो म्हटलं.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणून एवढंही लिहिते. लाइन स्वच्छ होती. शेजारची ऑपरेटर गंमत म्हणून कान लावून बसली होती, तुमच्या 'थाईन'ला ती फिस्सकन हसली, आणि तुमचं बोलणं तिच्या कानावर आणखी पडू नये म्हणून मी घाई केली. मला तुमची लाज वाटली, आबा.