चौदा फुटांवरून दिसणारा पिवळा

मी, नव्या येसाजीराव जगताप, वय ३३, राहणार गोकुलम, म्हैसूर, मेटगळ्ळीतील एका कारखान्यात गुणवत्ता तपासणी अभियंता, हे मृत्युपत्र स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. २१ ऑगस्टला माझ्या हृदयाची एक झडप बदलणार आहेत. बुद्धी ठीक आहे.

१. बँकेतील सर्व ठेवी आई, गोदावरीबाई, हिला.

२. मापे घेण्याचा माझा डिजिटल कॅलिपर सहकारी उपेंद्र याला. त्याने तो न विचारता दोनदा नेला आहे. आता विचारायची गरज नाही.

३. वडिलांनी दिलेल्या घरातील माझा अर्धा हिस्सा, पुढच्या अंगणासह, धाकटा भाऊ पुनीत याला. अट अशी की, आई हयात असेपर्यंत व्हरांड्यासमोरचा बारा बाय आठ फुटांचा वाफा बुजवून तिथे गाडी लावायची नाही. "अक्का, मग गाडी काय डोक्यावर ठेवू?" असे त्याने विचारले होते. रस्त्यावर ठेवावी. अट मोडल्यास हिस्सा मावसबहीण श्रीलक्ष्मी हिला जाईल. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी.

४. वाफ्यात दर सप्टेंबरला कोरिऑप्सिस ही पिवळ्या फुलांची झाडे लावावीत. मी तीन वर्षे तीन जाती तपासल्या. बारीक पानांच्या फिकट जातीची मुळे पावसात कुजली. मधे गडद लाल असलेली जात मला सर्वांत आवडते. परंतु आईच्या नजरेचा मधला भाग गेला आहे आणि तिच्या खुर्चीपासून वाफा चौदा फूट आहे. लाल फुलांच्या कुंड्या तिथे ठेवून दिसतात का, असे विचारले. "अय्यो, दिसतात की गं! लाल काय उठलंय!" दुसऱ्या दिवशी कुंड्या मागच्या दारी नेल्या आणि पुन्हा विचारले. रिकाम्या जागेकडे बोट करून ती म्हणाली, "तिथंच आहेत की. आज तर जास्तच फुललीत."

भरगच्च पाकळ्यांच्या गडद पिवळ्या जातीची एक कुंडी हलवली, तेव्हा मी काही विचारायच्या आतच ती म्हणाली, "ती कुठं नेलीस?"

म्हणून फक्त हीच जात लावावी. सुकलेली फुले दर दोन दिवसांनी देठासकट खुडावीत, नाहीतर बहर थांबतो. लाल जातीचे बी श्रीलक्ष्मीने स्वतःच्या घरी न्यावे.

५. हे आईला वाचून दाखवताना चौथे आणि हे पाचवे कलम गाळावे. लाल फुले का नाहीत असे तिने विचारलेच, तर कीड लागली असे सांगावे.

सही: नव्या ये. जगताप
हिने आम्हा दोघांसमोर सही केली व आम्ही तिच्यासमोर केली:
१. एम. शेषगिरी, शेजारी
२. अंबुजा राव, निवृत्त शिक्षिका

म्हैसूर, १४ ऑगस्ट २०२५