प्राध्यापकाला मागणी

प्रिय एल्फिझा,

फोनवर तू "आंदुआंग, मीटिंग आहे" म्हणत आजीला मध्येच तोडतेस. पत्राला तसं तोडता येत नाही, म्हणून मी बोलतेय आणि तुझा मामा लिहितोय. टोमणे गाळायचे नाहीत अशी तंबी दिली आहे त्याला. पोस्टातून निवृत्त झाला, तरी 'सविनय' लिहायची खोड गेली नाही.

तुझी आई सांगत होती, तुझ्या कॉलेजातला व्यापार-शिक्षणाचा विभाग यंदा उघडणार नाही बहुतेक. एवढं खपून तू अभ्यासक्रम रचलास, मुलांनी पहिल्या वर्षापासून बाजारात दुकान चालवायचं असं त्यात घातलंस, वरच्यांनी तो मान्यही केला. आता अडलंय पाचव्या पक्क्या प्राध्यापकापाशी. चार आहेत, नियम पाचाचा, आणि तपासणीची माणसं पुढच्या आठवड्यात येणार. तू पाडांगला माणूस शोधलास, मेदानला शोधलास. आपल्या बाजारामागच्या हेंद्रिझालचं नाव मात्र तुझ्या तोंडून निघालं नाही. हिशेबशास्त्र शिकलेला, जाकार्ताची नोकरी सोडून आलेला तो पोरगा आईच्या कोंबड्या हाकतोय, हे अख्ख्या गावाला ठाऊक, तुलाच नाही? मी काही विचारत नाही. तो जाकार्ताला निघून गेला त्या वर्षी तुझ्या हातचं कालवण फार खारट होत होतं, एवढंच आठवतं.

म्हणून मंगळवारी मीच गेले. मागायला जायचं तर रिकाम्या हाती कसं, म्हणून विड्याचं तबक घेतलं, वर जरीचं फडकं घातलं. मुलीच्या आजीनं असं तबक घेऊन मुलाच्या दारात उभं राहणं म्हणजे आपल्याकडे लग्नाची मागणी घालणं, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. मामा हसतोय, पण खरंच नाही आलं! त्याच्या आईनं, रोसमानीनं, तबक पाहताच चटई अंथरली आणि मुलाच्या मामाला बोलावणं धाडलं. मी म्हटलं, "मला तुझा मुलगा हवाय." ती म्हणाली, "कळलं हो, आमची कुठे ना आहे?" मी म्हटलं, "महिन्याच्या महिन्याला पगार मिळेल त्याला." त्याच्या मामाला ठसकाच लागला. "जावयाला पगार? कसलं घराणं म्हणायचं हे!"

मग उलगडा झाला. रोसमानीचं तोंड एवढंसं झालं, "म्हणजे नुसतं शिकवायला?" दाराआडून कोणीतरी खुदकन हसलं. हेंद्रिझाल बाहेर आला. तुझ्या अभ्यासक्रमाची आईकडची प्रत मी नेली होती. मला अक्षर कळत नसलं तरी वजन कळतं. त्यानं तिथेच मांडी घालून ती वाचली. म्हणाला, "दुकान चालवायला शिकवताय, पण ते बुडायला लागलं तर काय करायचं, ते कुठेय?" मी म्हटलं, "ते शिकवायलाच ये की, शहाण्या!"

यायला तो तयार आहे. पण म्हणतो, "नेमणूक विभागप्रमुखाची आजी करत नसते. तिला हवा असेन, तर तिनं स्वतः येऊन विचारावं." त्यासाठी हे पत्र. रविवारी तो घरी असतो. नेमणुकीचा कागद घे आणि जा. तबक न्यायचं नाही, मान खाली घालायची नाही, समोर बसून प्राध्यापक मागायचा. बाकी काय बोलायचं, न बोलायचं, ते तुझं तू बघ. पण आपल्या गावच्या पोरी यंदा व्यापार शिकायला पाडांगला जाणार नाहीत. माझ्यावर रागावायचंच असेल, तर तपासणी पार पडल्यावर ये आणि पोटभर रागाव.

तुझीच, मीटिंग नसलेली,
आंदुआंग