सासरेबुवांची स्क्रॅम्बलर

२ जानेवारी
निर्णय झाला. मार्चमधल्या जुन्या मोटरसायकलींच्या शर्यतीत सासरेबुवांची स्क्रॅम्बलर मी चालवणार. तरुणपणी ते याच गाडीवर मातीच्या ट्रॅकवर धावले. आता ऐंशी पार. गाडी चढ चढताना एकदा डोळ्यांनी बघायची आहे, एवढंच म्हणाले. मेहुणी लगेच पुढे सरसावली. ती नर्स आहे, रोज मोटरसायकलवर ड्यूटीला जाते. पण रोज चालवणं वेगळं आणि गाड्यांचा इतिहास माहीत असणं वेगळं. शेवटी जावयाचा शब्द राहिला. उद्यापासून सराव.

३ जानेवारी
थंडी. सराव नाही. त्याऐवजी वाचन.

९ जानेवारी
टेम्पोतून गाडी आली, सोबत सासरेबुवा आणि मेहुणी. सासरेबुवा किक कशी मारायची ते सांगू लागले. पिस्टन वर आला की पायाला जड लागतं, तिथं थांबायचं, जरासं पुढे सरकवायचं आणि मग... पुढचं राहिलं, कारण मी त्यांना शंभर वर्षांपूर्वी इंग्लंडात झालेल्या पहिल्या स्क्रॅम्बल शर्यतीची हकिगत सांगितली. निम्मेच गडी शेवटपर्यंत पोचले म्हणे. सासरेबुवांनी काठीवर हनुवटी टेकवली. भारावले असावेत. मेहुणी मात्र नंतर गाडीपाशी उकिडवी बसून त्यांना काहीबाही विचारत होती.

१९ जानेवारी
पहिली किक. गाडीने उलटा फटका दिला. घोटा टम्म. मोठ्या सिंगल सिलिंडर इंजिनांचा हा स्वभावच, पुस्तकात आहे. शिवाय आमच्या पार्किंगची फरशी उतरती. ही म्हणाली, नाचता येईना अंगण वाकडं. हिला मेकॅनिकल गोष्टी कळत नाहीत.

४ फेब्रुवारी
तोडगा सापडला! गल्लीच्या उतारावर ढकलली की गाडी सुरू होते. ढकलायला ही आणि शेजारचा टेलर. टेलरने धापा टाकत विचारलं, शर्यतीतही आम्हीच ढकलायचं का? काय हा प्रश्न! नियम मला तोंडपाठ आहे. इंजिन बंद ठेवून रांगेत उभं राहायचं, झेंडा पडला की किक मारायची. जुनी पद्धत, शर्यत भरवणाऱ्या क्लबने मुद्दाम जपलेली. टेलरला सविस्तर समजावलं. तो मध्येच दुकानात गेला. किकचं त्या दिवशी बघू. खरा खेळाडू मैदानातच जागा होतो.

१७ फेब्रुवारी
रेसिंगचे बूट आले. गुडघ्यापर्यंत. सवय व्हावी म्हणून ऑफिसात घालून गेलो. साहेब म्हणाले, घरी जाऊन बदलून या. अर्धी रजा पडली. म्हटलं, चला, सराव होईल. रजा बूट काढण्यात गेली.

१ मार्च
मेहुणीचा फोन. भावजी, किक जमते ना? नसेल तर आत्ताच सांगा. नाव बदलायची मुदत उद्या संपतेय, आणि बाबा रोज विचारतायत. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, घोडामैदान जवळच आहे! फोन ठेवून एक किक मारून बघितली. काही नाही. बहुतेक हवामान. उरलेला वेळ वाचन.

८ मार्च, पहाटे
झोप अजिबात नाही. उत्साहामुळे. आज सगळ्यांची तोंडं बंद.

८ मार्च, संध्याकाळ
झेंडा पडला. बाकीचे धडधडत गेले. मी किक मारत होतो. ते एक फेरी मारून आले, तरी मी किकच मारत होतो. कपाळावर घाम, घोट्यात कळ, आणि एवढ्या वाचनातलं एक अक्षर आठवेना. चढासमोर घडीच्या खुर्चीत सासरेबुवा. माझ्याकडे नाही, चढाकडे बघत बसलेले. प्रत्येक गाडीला मान वर करायचे आणि पुन्हा खाली घालायचे. मला ते बघवेना.

शर्यत संपली, लोक पांगले. मेहुणीने माझ्या हातून गाडी घेतली. मी म्हटलं, तू बस, मी मागून ढकलतो. तिने किकवर पाय टेकवला, थांबली, जरासं पुढे सरकवलं आणि दाणकन मारली. एकच. माझे हात हवेत राहिले आणि मागच्या चाकाचा सगळा चिखल माझ्या अंगावर.

गाडी चढाला लागली. सासरेबुवा काठी न घेता उभे राहिले. मी धावत जाऊन त्यांच्यासमोर उभा राहिलो. म्हटलं, बाबा, तसं इतिहासात बघितलं तर...

ते म्हणाले, जावईबापू, जरा बाजूला व्हा. दिसत नाहीये.