नारिंगखाडीच्या किल्ल्याचे नकाशे कोणाकडे जावेत

मी, प्रभावती अनंतराव चारठाणकर, वय ७३, निवृत्त चित्रकला शिक्षिका, राहणार मानवत, जि. परभणी, पूर्ण शुद्धीत आणि पूर्ण संतापात हे मृत्युपत्र लिहिते. संतापाने बुद्धी चळलेली नाही, असा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१) मानवतचे राहते घर व बँकेतील ठेव मुलगी ईश्वरी हिला. त्यावर कोणी हरकत घेऊ नये.

२) माझी खरी इस्टेट म्हणजे कोकणातल्या समुद्रकिल्ल्यांचे एकसष्ट नकाशे. आमच्या जिल्ह्यातल्या चारठाण्याची जुनी देवळे रेखाटताना दगडाचा नाद लागला आणि लग्नानंतर आम्ही दोघे दर मे महिन्यात एस.टी.ने समुद्र गाठू लागलो. मोजमापाच्या टेपचे दुसरे टोक धरून माझे दिवंगत पती अनंतराव भर उन्हात बुरुजावर उभे राहत. नारिंगखाडीच्या किल्ल्यातल्या राजवाड्याची पश्चिम भिंत आम्ही दगड न् दगड मोजली. प्रत्येक दगडाला कागदावर क्रमांक दिला.

त्या नकाशाची प्रत मुलगा श्रीराम याने किल्ल्याच्या दुरुस्तीचे कंत्राट मिळवण्यासाठी नेली. "आई, तुझ्या मापातच काम करतो," म्हणाला. कागदावरचे माझे नाव खोडून त्याने आपल्या फर्मचा शिक्का मारला. गेल्या वर्षी मी न सांगता तिथे गेले. पश्चिम भिंत जमिनीवर होती. तिचे दगड फोडून रस्त्याखाली भरणे चालू होते.

मी तिथेच श्रीरामला जाब विचारला तर म्हणतो, "नुसते दगड हायेत, आई. कोण बघायलंय तिथं?"

"मी बघायलेय," म्हटलं.

तिथूनच पुरातत्त्व खात्याकडे तक्रार केली. काम थांबले. निम्मे दगड वाचले, ते किल्ल्यात झाकून ठेवले आहेत. दीर बन्सीधर घरी येऊन बोलले, "वहिनी, पोटच्या लेकराविरुद्ध कागद करता?" होय, केला. भिंत पाडताना त्याला आई आठवली नव्हती.

३) सर्व नकाशे माझी विद्यार्थिनी, वास्तुविशारद राजेश्री हिला. खात्याची परवानगी मिळेल तेव्हा वाचलेले दगड मापावरून क्रमांक जुळवून, चुन्यात, तिच्या देखरेखीखाली बसवावेत. अभ्यासासाठी कोणीही आले तर प्रत द्यावी. श्रीरामच्या फर्मला देऊ नये.

हे आजच लिहिण्याचे कारण, परवा श्रीराम आला. वर्षभराने आला, म्हणून मी चहा टाकला. वाटले, चुकलो म्हणेल. बसल्या बसल्या बोलला, "दुसऱ्या किल्ल्याचं टेंडर निघायलंय. बाकीचे नकाशे दे." मी गॅस बंद केला.

४) श्रीरामला काहीही नाही. मात्र माझ्या अंत्यविधीला त्याला अडवू नये. नारिंगखाडीला काय केले ते त्याने जमलेल्या लोकांना स्वतःच्या तोंडाने सांगावे आणि मग अग्नी द्यावा. बोलायला तोंड उघडले नाही, तर अग्नी ईश्वरी देईल.

लिहून देणार : प्रभावती अनंतराव चारठाणकर (सही)

आमच्यासमोर वाचून सही केली :
१. डॉ. योगीराज देशमाने (सही)
२. कुसुमबाई लोखंडे, शेजारीण (सही)

मानवत, १२ जून २०२५