छातीतला कट् आणि गुरवाचं गाऱ्हाणं

मंगळवार, संध्याकाळ

अंग वळवलं की छातीत कट् वाजायचं. मला वाटलं, शेजारच्या बाळूची करणी. बांधावरून भांडलो होतो ना! रविवारी देवळात गुरवाकडून देवाला गाऱ्हाणं घातलं, बाळूचं नाव घेऊन. शी!

आज बाळूनेच गाडीवरून डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, "हृदय ठीक आहे. बरगडीचा सांधा वाजतोय. हल्ली काही ओढाताण?" होती की. महिनाभर आंबे काढायची घळ, ती जाळीची लांब काठी, ओढतोय. साधी घळ, आणि मी काय करून बसलो?

येताना बाळूने देवळाशी गाडी थांबवली. "दादा, तुझ्यासाठी नारळ बोललो होतो. देऊन येतो."

गुरव तोच. त्याने नारळ घेतला आणि बाळूच्या खांद्यावरून माझ्याकडे बघितलं. मी पाठ वळवली. कट्.