एकही अंडं वाया गेलं नाही

गंगापूर रोड, नाशिक
सोमवार

प्रिय शुभांगी,

वरचा 'प्रिय' सवयीने आला आहे. पस्तीस वर्षं मुलींना पत्रलेखन शिकवलं, हात आपोआप वळतो. त्याचा फार अर्थ लावू नकोस.

शाळेच्या माजी विद्यार्थिनींची स्मरणिका परवा कुरिअरने आली. चौदाव्या पानावर पैठणीतला तुझा फोटो आणि खाली तुझा लेख, 'मी आणि रविवारचं अंडं'. एकदा चहाबरोबर वाचला, मग लाल पेन घेऊन वाचला. शुद्धलेखनाच्या अकरा चुका निघाल्या. त्या तुला माफ. शेवटचं वाक्य मात्र माफ नाही. 'माझ्या त्या छोट्याशा प्रयोगानंतर आमच्या होस्टेलमध्ये एकही अंडं वाया गेलं नाही.' येत्या रविवारच्या स्नेहसंमेलनात तू प्रमुख पाहुणी म्हणून हेच भाषणात सांगणार आहेस, असंही निवेदनात छापलंय. पुण्याहून खास गाडी करून येणार म्हणे. म्हणून हे पत्र. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, सातवीपासून देत नाहीस.

शुभांगी, तुझ्या प्रयोगाच्या आधीही एकही अंडं वाया जात नव्हतं. तुला ते कळलं नाही, कारण तुझ्या त्या लेखात माणसंच नाहीत. पातेलं आहे, घड्याळ आहे आणि तू आहेस. आपण एकशे दहा मुली होतो. रविवारी प्रार्थनेनंतर प्रत्येकीला एक उकडलेलं अंडं, आणि ती सगळी सोलायचं काम आठवीकडे. होस्टेल सांभाळणाऱ्या सिस्टर युफेमियांचा नियम असा की फाटलेलं अंडं मुलीच्या ताटात जाता कामा नये. म्हणून त्या एकशे वीस उकडायला सांगायच्या, दहाएक फाटणार हे धरूनच. सालाबरोबर निम्मा पांढरा गेलेली, बलक उघडा पडलेली ती अंडी स्वयंपाकघरातल्या बायकांची. पुतळाबाई ती ॲल्युमिनियमच्या डब्यात भरून कपडे धुण्याच्या खोलीमागे न्यायची. तिथे एका खोलीत तिची दोन पोरं होती. आठवते ना पुतळाबाई? सुरगाण्याकडची, सावळी, हसली की तोंडावर पदर धरणारी. आपण तिला म्हातारी समजायचो. ती पंचवीस वर्षांची होती गं.

आणि ताजं अंडं नीट सोललं जात नाही हा शोध तू लावलास, हेही डोक्यातून काढ. मी निफाडची. आमच्या घरी कोंबड्या होत्या. माझी आई, बयाबाई, शाळेची पायरी न चढलेली बाई. ती अंड्यावर कोळशाने रेघ ओढून ठेवायची आणि आठ दिवस हात लावू द्यायची नाही. 'आजचं अंडं आज उकडलं की सालच खायची पाळी येते,' म्हणायची. तिला कुणी पहिलं बक्षीस दिलं नाही.

त्यामुळे पुतळाबाई काय करते ते मी तिसऱ्याच रविवारी ओळखलं. होस्टेलला बाजारातून येणारी अंडी आठ-दहा दिवसांची असायची. ती उकळत्या पाण्यात सोडली की साल झबल्यासारखं उतरायचं. पण मागच्या अंगणात शाळेचं खुराडं होतं. रविवारी सकाळी ती त्यात हात घालून दहा-बारा गरम अंडी काढायची, वेगळ्या पातेल्यात गार पाण्यात घालायची आणि मंद जाळावर ठेवायची. ती सोलली जाणं शक्यच नव्हतं. ते पातेलं ती नेमकं माझ्यापुढे सरकवायची, कारण सगळ्यांत धसमुसळी मी. मी तिला हळूच विचारलं, 'पुतळाबाई, ही आजचीच ना गं?' तिने इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाली, 'लय शहाणी हायेस लंके. घरी कोंबड्या हायेत वाटतं? मग गप सोल. आन नख जरा जोरात लाव.' मी जोरात लावलं. त्या वर्षी मी जितकी अंडी फाडली तितकी कुणी फाडली नसतील, आणि तू टेबलापलीकडून मला 'लंकादहन' म्हणायचीस. पंक्तीतल्या सगळ्या मुली हसायच्या. माझ्या नावावर हसणं हा तुमच्याकडे रविवारचा दुसरा पदार्थ होता.

मग आलं विज्ञान प्रदर्शन. डॉक्टरसाहेबांच्या लेकीने, म्हणजे तू, सालांवर पेन्सिलीने तारखा घातल्या आणि तक्ता केला. अंडं आठ दिवसांचं हवं. पाणी आधी उकळवायचं, मग त्यात अंडं सोडायचं. अकरा मिनिटं. लगेच गार पाण्याच्या बादलीत. बोथट टोकाला, जिथे आत हवेची पोकळी असते तिथे टिचकी मारायची, आणि पाण्यात धरून सोलायचं. सगळं बरोबर होतं. अजूनही बरोबर आहे. मी आजही तसंच करते, तुझ्यावरचा राग अंड्यावर काढत नाही. सिस्टर इतक्या खूश झाल्या की खुराड्यातली अंडी आठ दिवस कोठीत कुलपात जायला लागली आणि एकशे वीसच्या जागी एकशे बारा निघायला लागली. त्या रविवारी पुतळाबाईचा डबा रिकामा गेला. पुढच्या रविवारीही. त्याच्या पुढच्या रविवारी पुतळाबाईच नव्हती. तिच्या खोलीला बाहेरून कडी होती आणि दोरीवर पोराची एक चड्डी राहिली होती. पोळ्या लाटणारी आक्काबाई म्हणाली, 'त्या डाक्टरच्या पोरीनं खाल्लं तिला. अंडी शिकवायला आली आन बाईचं बिऱ्हाड उठवलं.' मी तिथेच उभी होते. पिठाचा डबा धरून.

तू त्या दिवशीही पहिल्या बक्षिसाची फीत लावून फिरत होतीस. लाल रंगाची. छातीवर मावत नव्हती इतकी मोठी.

आता तू म्हणशील, पंचावन्न वर्षांनी हे काढायचं कारण काय, लंकाचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय की डोक्याचं? गुडघ्याचंच झालं, नोव्हेंबरात. व्यायाम करवून घ्यायला एक मुलगी येते, निकिता. सत्तावीस वर्षांची, कामात कडक. मी तिच्या इंग्रजीतल्या चुका काढते आणि ती माझा गुडघा वाकवते, कोण कुणाला जास्त छळतं सांगता येत नाही. एक दिवस भिंतीवरच्या आपल्या होस्टेलच्या फोटोपुढे ती थांबली. 'मॅडम, ही इमारत माझ्या आजीने दाखवलीय मला. ती इथं स्वयंपाकाला होती. पुतळाबाई. तुम्ही ओळखायचात का?' त्या दिवशी माझा गुडघा कुणी न सांगता काटकोनात वाकला.

तर ऐक पुतळाबाईचं पुढे काय झालं, हे तुझ्या भाषणात घाल. ती पोरांना घेऊन गावी गेली. पावसाळ्यात भात आणि नागली, बाकीचे महिने दिंडोरीकडे द्राक्षाच्या बागांत मजुरीला, जीपमध्ये दाटीवाटीने बसून. निकिताची आई म्हणजे त्या दोन पोरांतली थोरली. होस्टेलमागे राहायची तेव्हा ती आपल्या शाळेच्या बालवर्गात मागे बसायची, सिस्टरांनीच बसू दिलं होतं. ते सुटलं ते सुटलंच. ती आजही अंगठा लावते. निकिता शिकली ती सगळी आईच्या हट्टाने. पुतळाबाई ऐंशीची आहे, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि तरी कोंबड्या पाळते, हाताने चाचपून अंडी गोळा करते.

गेल्या आठवड्यात निकिता गावाहून एक डबा घेऊन आली. भाताच्या तुसात बारा अंडी. निरोप होता, 'लंकीला सांग, ताजी हायेत. आठ दिस दम धर, मग उकड.' शुभांगी, मला दम धरवला नाही. निकिता गेल्याबरोबर मी त्यातली चार गार पाण्यात घातली आणि बारीक गॅसवर ठेवली. चारही फाटली. सालाला चिकटलेला पांढरा मी दाताने ओरबाडला, ओट्याशी उभं राहून, मीठसुद्धा न लावता. मला अंडं फारसं आवडत नाही हे तुला माहीत आहे.

निकिताने आणखी एक गोष्ट सांगितली होती. 'आजी म्हणते, कुणी डॉक्टरची मुलगी होती, शुभांगी नावाची, तिनं सिस्टरकडे चुगली केली. पण एक निफाडची पोर होती, लंका, ती फार जिवाची होती.' निकिता माझ्याकडे पाहत होती. मी म्हणाले, 'हो. शुभांगी तशीच होती.'

तू तशी नव्हतीस. तू शिष्ट होतीस, बढाईखोर होतीस, अजून आहेस. तुझ्या तक्त्याने पुतळाबाईच्या पोरांची अंडी गेली हे खरं, ते मी मागे घेत नाही. पण नोकरी तुझ्यामुळे गेली नाही. फाटलेल्या अंड्यांमागे काय होतं हे तुला ठाऊकच नव्हतं, चुगली काय करणार होतीस? ठाऊक असणारी एकच मुलगी होती.

शनिवारी दुपारी सिस्टरांच्या खोलीत एकेकीचं इंग्रजी संभाषण व्हायचं. पाच मिनिटं, घड्याळ लावून. तू पाचाची वीस करून बाहेर यायचीस. मी घामाघूम व्हायचे. त्या शनिवारी मला विषय आला, 'आपलं स्वयंपाकघर'. चुलीचं वाक्य झालं, पोळ्यांचं झालं, मांजराचंही झालं, आणि काटा दीड मिनिटावर. सिस्टर घड्याळाकडे बघत होत्या. मला आणखी एकच गोष्ट माहीत होती. मी इंग्रजीत म्हटलं की पुतळाबाई रविवारी ताजी अंडी मुद्दाम गार पाण्यात घालायची, कारण फाटलेली अंडी तिच्या मुलांना मिळायची. एवढं लांब वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा केलं होतं, आणि त्यात एक चूक नव्हती. सिस्टर म्हणाल्या, 'पुन्हा म्हण, लंका.' मला वाटलं, वाक्य आवडलं. मी पुन्हा म्हटलं, जास्त स्पष्ट उच्चार करून. त्या 'व्हेरी गुड' म्हणाल्या आणि वहीत काहीतरी लिहिलं. मी जिन्यावरून उड्या मारत खाली आले. दुसऱ्या दिवशी खोलीला कडी होती. मग पस्तीस वर्षं मी त्याच भाषेवर पोट भरलं, आणि आक्काबाईपासून निकितापर्यंत सगळ्यांसमोर तुझं नाव पुढे करून गप्प बसले.

आता कामाचं. पुतळाबाईच्या डोळ्याचं ऑपरेशन नाशिकलाच आहे, गुरुवारी. निकिता तिला माझ्याकडे उतरवणार आहे, कारण मी जिवाची. शुक्रवारी सकाळी पट्टी निघेल. आधी मी ठरवलं होतं की पट्टी असतानाच सांगून टाकावं, म्हणजे तिला माझं तोंड दिसणार नाही. तो विचार लाल पेनने खोडला. पट्टी निघाल्यावर सांगणार आहे. तू रविवारऐवजी शुक्रवारीच ये, दहापर्यंत. तिच्या मनातून तुझं नाव मी तुझ्यादेखत काढलं पाहिजे, आणि खरं सांगायचं तर एकटीने मला ते जमणार नाही. मग तिने मला घराबाहेर काढलं तर काढलं. घर माझंच आहे, जिन्यात बसेन. रविवारचं भाषण तुझं तू ठरव. तिच्या डब्यातली आठ अंडी मी ठेवली आहेत, आईसारखी रेघ ओढून. शुक्रवारी उकडीन, आता ती नीट सोलली जातील. तिची तिला सोलू दे. मध्येच बोथट टोक दाखवायला जाऊ नकोस.

हा शब्द मात्र सवयीने आलेला नाही,

तुझीच,
लंका